छत्रीवाल्या कंपनीचे सभासद

भाद्रपद उतरणीला लागला की मला उगाच थकवा येतो. शाळेत सहामाहीचे पेपर काढायचे असतात, ऊन चटका देतं, मध्येच भीमेकडून दमट वारा येतो आणि दोरीवरचे कपडे धड वाळत नाहीत. हे सगळं खरं, पण थकवा त्याचा नसतो. हा सभांचा हंगाम असतो. सोसायटीची सभा, दूध संस्थेची सभा, पतसंस्थेची सभा, साखर कारखान्याची सभा. पेपरची आतली पानं बारीक अक्षरांतल्या नोटिसांनी भरून जातात. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल, हे वाक्य मी दर वर्षी वाचते. वाचलं की वडील आठवतात, मामा आठवतो, आणि पुढ्यातला चहा गार होतो.

यंदा तर सगळ्या दौंडालाच पुन्हा शेअरचं वारं लागलंय. केस कापायच्या दुकानातल्या टीव्हीवर खाली आकड्यांची पट्टी धावत असते आणि गालाला साबण लावलेली माणसं तिच्याकडं बघत बसतात. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत डबे उघडण्याआधी मोबाइल उघडले जातात. कुठल्याशा छोट्या कंपनीचं नाव हळू आवाजात सांगितलं जातं. सांगणारा आधी दाराकडं बघून घेतो. ते बघणं मी ओळखते. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या घरात तसंच बघून नावं सांगितली जात.

परवा न्हावऱ्याहून सोनाली आली. माझ्या मामाची ही धाकटी मुलगी रांजणगावला एमआयडीसीत क्वालिटी खात्यात आहे. स्वतःच्या पगारातून घेतलेली स्कूटी आहे, तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळून चौफुल्यावरून भरधाव येते. येताना तिनं बाजरी आणली होती. "मागल्या सालचीच हाय ताई, नवी अजून रानात उभी हाय," म्हणाली आणि पिशवीत हात घालून पत्र्याच्या डब्यानं बाजरी काढून माझ्या डब्यात ओतायला लागली. त्या मापट्याला आता कागद नाही, काठ घासून गुळगुळीत झालाय. मी त्याच्याकडं बघत राहिले. तिला त्याचं काही नव्हतं, ती लहानपणापासून त्यानंच बाजरी मोजत आली आहे.

मग पाणी पिता पिता तिनं दाराकडं बघितलं. "ताई, एक शेअर हाय. छोटी कंपनी हाय, अजून कुनाला म्हाईत न्हाई. आमच्यातल्या एकाचा मित्र पुन्याला ब्रोकरकडं हाय, त्यो म्हनतो आत्ताच घ्या. अण्णांना शेअरातलं लई कळायचं ना? म्हनून तुमाला इचारते. घेऊ का?"

अण्णांना शेअरातलं कळायचं. इतक्या सरळ चेहऱ्यानं हे वाक्य माझ्यासमोर कुणी बरेच दिवसांत बोललं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. मालगाडीचे गार्ड होते. सारा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढला, त्यामुळं पुढं काय चाललंय ते आपल्याला सगळ्यात उशिरा कळतं असं ते स्वतःच चेष्टेनं म्हणायचे. नव्वदच्या दशकात, त्या दशकाच्या साधारण मध्याला, ते रिटायर झाले. रेल्वेचं क्वार्टर सोडून आम्ही स्टेशनपलीकडं दोन भाड्याच्या खोल्यांत आलो. फंडाचे पैसे हातात आले होते आणि त्यांचं काय करायचं हे आईनं ठरवून टाकलं होतं. तिनं गावाच्या कडेला एक जागा बघितली होती. मालकाशी तोंडी बोलणं झालं होतं. आई संध्याकाळी फिरायला म्हणून तिथं जायची आणि चूल इथं, मोरी इथं, शेळी बांधायची ती इथं, असं ठरवून खुणेचे दगड ठेवून यायची. गुरं दगड हलवायची, ती पुन्हा नीट लावायची. जन्मभर रेल्वेच्या भिंतींत राहिलेल्या बाईला आपल्या भिंती हव्या होत्या, एवढंच.

अण्णांना मात्र थोडं थांबायचं होतं. पैसे थोडे वाढू देऊ, मग दोनाऐवजी तीन खोल्या बांधू, असं ते म्हणत. स्टेशनात एका बाकावर रिटायर मंडळी जमायची. दौंडला गाडी बराच वेळ थांबते. मुंबईचे लोक वाचून झालेले पेपर सीटवर टाकून जात, ते या बाकावर येत. पाऊसपाण्याच्या गप्पा मागं पडल्या आणि नवीन कंपन्यांच्या गप्पा सुरू झाल्या. वर्तमानपत्राच्या स्टॉलवर शेअरच्या अर्जांचे गठ्ठे फुकट मिळत. अर्ज भरायचा, चेक लावायचा, आणि वाट बघायची. मग एकमेकांना विचारायचं, "लागले का?" लॉटरी लागावी तसे शेअर लागायचे. कंपनी काय करते हे विचारणारा माणूस बाकावर नवखा समजला जाई.

मामाचं तसं नव्हतं. त्याला शेअर ठाऊक होता. आईच्या पाठचा हा भाऊ, बिराजी नाव, सगळे बिरू म्हणत. त्यांची पिढीजात मेंढरं. आजोबांनी न्हावऱ्यात जमीन कसायला घेतली आणि फिरणं थांबवलं. मामा उसाचा शेतकरी झाला, साखर कारखान्याचा सभासद झाला. त्याच्या लेखी शेअर म्हणजे कारखान्याचा शेअर. त्या शेअरचं धुरांडं शेतातून दिसतं. त्याचा चेअरमन कुठल्या गावचा, कुणाचा जावई, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दिवाळीला सभासदांना स्वस्तात साखर मिळते. वर्षातून एकदा मांडवात सभा भरते, तिथं ठेवणीतला लाल फेटा बांधून जायचं, पटलं तर मंजूर म्हणून ओरडायचं, नाही पटलं तर माईक ओढायचा, आणि जेवून यायचं. शेअर खाली जातो, वर जातो, हे त्याला माहीतच नव्हतं. खाली जायला ती काय विहीर आहे?

त्या उन्हाळ्यात तो आमच्याकडं आला तेव्हा अण्णा एका नव्या कंपनीचा अर्ज समोर घेऊन बसले होते. मामानं उलटसुलट करून तो बघितला.

"दाजी, हिचं धुरांडं कुठं हाय?"

"धुरांडं नसतं रे हिला. अळिंबी पिकवणार, डब्यात भरणार आणि परदेशी पाठवणार."

"अळिंबी म्हंजी?"

"कुत्र्याची छत्री," आई आतून म्हणाली.

मामा हसून हसून लाल झाला. "उकिरड्यावर उगवती ती? तिचं पैसं येनार?" मग गंभीर होऊन त्यानं विचारलं, "चेरमन कंच्या गावचा? आन् दिवाळीला काय देनार?" अण्णा म्हणाले, चेअरमन कुठला का असेना, शेअर लागले की दुप्पट होतील. मामानं अर्ज खाली ठेवला, पण पुढच्या फेरीला येताना पैसे घेऊनच आला. ईदेच्या आधी मेंढ्यांना भाव येतो, त्या बाजारात त्यानं मेंढे विकले होते.

"बिरू, मी घेतोय म्हणून तू घेऊ नको हं. बुडाले तर मला बोलायचं नाही," अण्णा म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. पण ते हसत हसत म्हणाले. पुढं मी पुष्कळांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं, आणि प्रत्येकानं ते हसतच म्हटलं होतं. मामाचा अर्ज मी भरला, चौकोनांत इंग्रजी अक्षरं एकेक करून. त्याचं नाव काही चौकोनांत मावेना. सही मात्र त्यानं स्वतः केली, जीभ दाताखाली धरून, बेतानं.

शेअर लागले. बाजारात आले आणि खरंच वाढले. अण्णांनी फंडातले आणखी पैसे काढून बाजारातून आणखी घेतले. किती, ते आम्हाला सांगितलं नाही. त्या पावसाळ्यात ते फार खुशीत असायचे, भाजी आणायला पाठवलं तर सोबत सीताफळंही आणायचे. मामा निरोप धाडायचा, छत्रीवाल्यांची दिवाळी कवा येनार? कंपनी सभासदांना दिवाळी देत नसते हे अण्णांनी त्याला सांगायला हवं होतं. त्यांना गंमत सुचली. पुण्याला गेले होते तेव्हा कॅम्पातल्या एका दुकानातून अळिंबीचा डबा विकत आणला. तो या कंपनीचा नव्हता, कुठल्या तरी भलत्याच कंपनीचा होता. भाऊबीजेला मामा आला, नेहमीसारखी कारखान्याची साखर घेऊन, तेव्हा अण्णांनी तो डबा त्याच्या हातावर ठेवला. "ही घे, सभासदांची दिवाळी."

मामानं डबा दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. माझं हसू तोंडापर्यंत आलं होतं, ते तिथंच राहिलं. आईनं अण्णांकडं डोळे मोठे करून बघितलं. आता सांगतील, मग सांगतील, असं वाटत होतं. पण मामानं डबा फेट्याच्या जुन्या कापडात गुंडाळून पिशवीत घातला, मग जेवणं झाली, आणि त्याच्या एसटीची वेळ झाली. मामींनी तो कालवणात घातला. काळा मसाला घालून. काळजासारखं लागलं, असा निरोप आला, आणि रिकामा डबा बाजरी मोजायला ठेवलाय, असाही. पुढं संक्रांतीच्या सुमारास मामानं कोकरं विकली आणि आणखी शेअर घ्यायला अण्णांना पैसे दिले. अण्णांनी ते घेऊन दिले. त्या रात्री त्यांनी जेवणात दोनदा मीठ घालून घेतलं, एवढं मला आठवतं.

उन्हाळ्यात भाव उतरायला लागला. आधी बाकावरचे लोक म्हणाले, हा तात्पुरता आहे. मग म्हणाले, सगळ्यांचेच उतरलेत. मग त्या कंपनीचं नाव घेणंच सोडून दिलं. अण्णा विकायला गेले तर घेणारा कुणी नव्हता. आई संध्याकाळी त्या जागेवर जाऊन दगड लावून येत होती आणि अण्णा "पुढच्या महिन्यात बोलू मालकाशी" म्हणत होते.

अशात भाद्रपद आला आणि कंपनीच्या वार्षिक सभेची नोटीस आली. गुळगुळीत कागदाचं पुस्तक, मुखपृष्ठावर टोपलीभर पांढरी अळिंबी. मामालाही एक गेलं होतं. तो ते घेऊनच आला. "दाजी, सभा हाय. जायाचं." अण्णांनी नको नको म्हटलं, अशा सभांना कुणी जात नाही म्हणाले. मामाला ते कळेना. सभासद असून सभेला जायचं नाही? तो तर कारखान्याच्या सभेला ट्रॉलीत उभं राहून जाणारा माणूस. शेवटी आम्ही तिघं शटलनं पुण्याला गेलो. मामानं लाल फेटा बांधला होता. गाडीत लोक त्याला लग्नाला चाललाय का विचारत होते.

एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर लहानसा हॉल होता. मांडव नाही, माईकची ओढाओढ नाही. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या. चेअरमन म्हणजे ओले केस मागं वळवलेला एक तरुण, तो इंग्रजीत कागद वाचत होता. एक जण उठून काहीतरी मांडायचा, दुसरा बसल्या बसल्या त्याला दुजोरा द्यायचा, आणि पान उलटायचं. मंजूर म्हणून कुणी ओरडलंच नाही. मामाचा फेटा नीट होईतो सभा संपत आली होती. तेव्हा तो उठला. अण्णांनी त्याचा सदरा धरला, तो त्यानं सोडवून घेतला.

"चेरमनसायेब, मी बिराजी, न्हावऱ्याचा. तुमचा सभासद हाय. आमच्यात मेंढरं दुसऱ्याकडं राखायला द्यायची रीत हाय. त्यो ती घिऊन कोकनात जातो. वाटंत एखादं मेलं तर त्याचं कातडं आनून धन्याला दावतो. कातडं दावलं की आमी त्याला बोलत न्हाई. जनावर हाय, मरतंयच. तवा तुमी येवढंच सांगा, आमचं मेंढरू जित्तं हाय का मेलं? मेलं आसंल तर कातडं दावा. आमी गप घरी जातो."

कुणीतरी हसलं. चेअरमननं शेजारच्याला हिंदीत विचारलं, काय म्हणतायत. शेजारचा त्याच्या कानात थोडंसंच बोलला. मग चेअरमन मामाकडं बघून गोड हसला आणि म्हणाला, "आपका पॉइंट नोट कर लिया, अंकल." आणि कॉफी आली. सगळ्यांना एकेक खोकं मिळालं, त्यात सँडविच आणि वेफर्स होते. मामानं सँडविच उघडून बघितलं. "ह्यातबी छत्री न्हाई," तो म्हणाला. ते खोकं त्यानं मामींसाठी तसंच बांधून घेतलं.

परतताना दक्षिणेकडं आभाळ काळं झालं होतं. यवत गेल्यावर अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बिरू, तुझे पैसे मी देतो." मामानं मांडीवरचं खोकं नीट धरलं. दौंडला उतरल्यावर घरी आलाच नाही, सरळ एसटी स्टँडकडं गेला. आईनं त्याच्यासाठी भाकरी टाकून ठेवल्या होत्या. "सभेत काय झालं?" तिनं विचारलं. "काही नाही, कॉफी दिली," अण्णा म्हणाले.

पुढचे दिवस हस्ताचे होते. आमच्याकडं पाऊस येतो तो या दिवसांत, दुपारी घुमतो आणि संध्याकाळी कोसळतो. अण्णांनी अंथरूण धरलं नाही, पण बाकावर जाणं सोडलं. त्यांना मामाचं बोलणं हवं होतं. शिव्या हव्या होत्या. न्हावऱ्याहून काहीच येत नव्हतं. एका रविवारी सकाळी मला म्हणाले, चल. आईला सांगितलं, शेंगा आणायला जातो.

मामा रानात राखणीच्या माळ्यावर उभा होता. बाजरी कणसात आली होती, तो गोफण फिरवून पाखरं उठवत होता. आम्हाला बघून खाली उतरला, घोंगडं अंथरलं. अण्णा बसले नाहीत.

"पोस्टात थोडे राहिलेत. ते काढून तुझे देऊन टाकतो."

"कशापायी?"

"माझ्यामुळं घातलेस."

"सही कुनी केली?"

"सही तू केलीस. पण तो डबा..." आणि अण्णांनी बाजरीकडं बघत सगळं सांगून टाकलं. डबा कंपनीचा नव्हता, दुकानातला होता, गंमत केली होती, मग सांगायचं राहून गेलं. साठीचा माणूस, शाळेतल्या पोरानं सांगावं तसं सांगत होता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

मामानं गोफणीत खडा घातला, फिरवला, सोडला. लांब कुठंतरी पाखरं उठली.

"मला ठावं हुतं, दाजी. सोनीच्या मास्तरनं तवाच वाचून दावलं. दुसरंच नाव हुतं डब्यावर."

"मग पुन्हा पैसे का घातलेस?"

"हाव सुटली. वाढतंय म्हनलं, कोकरं काय, फुडल्या साली परत व्हतील. डबा खोटा हाय हे कळूनबी घातलं. आता तुमीच सांगा, ह्यात तुमचं काय?" तो थांबला. त्याचा आवाज चढला, तसा मी तो कधी ऐकला नव्हता. "तुमी पैसं दिलं तर मी कोन ठरतो? बिरूला अक्कल न्हवती, दाजीनं भरून दिलं, आसं गाव म्हननार. मेंढं माझं, सही माझी, हाव माझी. बुडालं त्येवढं तरी माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या."

अण्णा घोंगड्यावर बसले. मग मामा हळू आवाजात म्हणाला, "तुमचं किती गेलं?"

"पोस्टातले सोडले तर सगळेच."

"जागंचं व्हय? आक्काला दावलं का?"

अण्णा घोंगड्याची दशी ओढत राहिले.

"मग माझ्याकडं काय आलाय? आदी तिला कातडं दावा."

त्याच संध्याकाळी अण्णांनी आईला सांगितलं. ती वाती वळत बसली होती. मी आत जायला लागले तर अण्णा म्हणाले, तू बस. सगळं सांगून झाल्यावर आईनं विचारलं, "जागेचे?" ते म्हणाले, "जागेचेच." तिनं पुढची वात वळून पुरी केली. मग म्हणाली, "बाकावरच्यांना विचारलंत. बिरूशी बोललात. माझ्या भावाचा अर्ज माझ्या घरात बसून भरलात. मला नाही विचारलंत."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणून नाही विचारलंत."

"हो," अण्णा म्हणाले.

इतकंच झालं. आदळआपट झाली नाही, रडारड झाली नाही. आई दिवाळीपर्यंत त्यांच्याशी कामापुरतं बोलत राहिली. ताट वाढायची, पाणी द्यायची. मला वाटायचं, तिनं एकदा ओरडावं आणि घर मोकळं करावं. पण आमच्या घरात ओरडण्याची सवय कुणालाच नव्हती, आणि न ओरडणाऱ्या माणसांत राहण्याचा शीण वेगळाच असतो.

भाऊबीजेला मामा येईल की नाही याची आईला धास्ती होती. ती सकाळपासून दारात दोनदा झाडून आली. तो आला. लाल फेटा, पिशवीत कारखान्याची साखर. "आमच्या धुरांड्याची हाय," अण्णांच्या हातात देत म्हणाला, आणि अण्णा त्या महिन्यात पहिल्यांदा हसले. ओवाळून झाल्यावर आई त्याला घेऊन त्या जागेवर गेली. मीही गेले. तिनं तिचे दगड एकेक करून पायानं बाजूला सारले. चुलीचा, मोरीचा, शेळीचा. त्यातला एक चांगला चपटा होता, तो मामाच्या खांद्यावर देऊन घरी आणला. भाड्याच्या घरात धुणं धुवायला दगड नव्हता.

पुढच्या वर्षी कंपनीची नोटीस आली नाही. अण्णांनी पाठवलेलं पत्र परत आलं, त्या पत्त्यावर कुणी नव्हतं. कातडं काही मिळालं नाही. अण्णा गेले तेव्हा ते शेअरचे कागद कपाटात होते, अजून आहेत; छापलेले फार सुबक आहेत. आई आता माझ्याकडं असते. पुढं मी कर्ज काढून हा फ्लॅट घेतला, तेव्हा तिनं तो दगड आणायला लावला. वॉशिंग मशीन आहे, तरी साड्या ती त्याच्यावरच धुते.

इतक्या वर्षांत मी यावर फार बोललेली नाही, पण ऐकलेलं पुष्कळ आहे. कुणी म्हणतं, लोकांनाच हाव. कुणी म्हणतं, चोरांना फाशी द्या. दोन्ही बोलणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. तो ओल्या केसांचा माणूस चोरच होता, त्याला मी सोडून दिलेलं नाही. आजही कुठं भेटला तर विचारीन. पण त्यानं आमच्या घरात येऊन आईपासून काही लपवलं नव्हतं. ते आमचं आम्ही केलं. आणि अण्णांना कुणी दोष दिला नाही, त्याचंच ओझं त्यांना शेवटपर्यंत झालं असावं. मामानं स्वतःचा वाटा उचलून नेला, मग जे उरलं ते सगळं त्यांचं एकट्याचं होतं.

तर सोनाली विचारत होती, घेऊ का. मी तिला म्हटलं, "बुडाले तर कुणाशी भांडशील?"

"तुमच्याशी थोडीच भांडनार ताई," ती हसली.

मी हसले नाही. मला अण्णांचं ते वाक्य हसत म्हणायचं नव्हतं. "मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही," मी म्हटलं, "आणि हे मी चेष्टेनं सांगत नाहीये." तिला राग आला. येवढं शिकून साधं हो-न्हाई सांगता येत न्हाई, असं पुटपुटत तिनं ओढणी गुंडाळली. जाताना मापट्याचा डबा विसरून गेली. आईनं तो उचलून बघितला आणि बाजरीतच ठेवून दिला.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. मी सहामाहीचा पेपर काढत होते, बाहेर हस्त घुमत होता.

"ताई, घेतले. थोडेच घेतले. तुमाला इचारून न्हाई, माझी मी."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार. "मामाला सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"काय न्हाई. इचारलं, सही कुनी केली? म्हनलं, मीच. मग म्हनाले, तुझं तू बघ." ती जरा थांबली. "आन् म्हनाले, मेलं तर लपवू नको. कातडं घिऊन आदी माझ्याकडं ये."